उंदरिणीची बाजू

उंदरिणींची बाजू घेऊन प्राचार्यांशी भांडणारं साताऱ्यात एकच माणूस असेल, आणि ते आमच्या फार्मसी कॉलेजात आहे. मोहिते मॅडम. औषधांमुळे जनावरांच्या हालचालीत आणि नर-मादीच्या वागण्यात काय फरक पडतो, हा त्यांचा विषय. तो ऐकून पोरं तोंड दाबून हसतात. हसणारा वर्गाबाहेर जातो.

पहिलं भांडण नर-मादी एकत्र ठेवायच्या काचेच्या पेटीवरून झालं.

"मध्ये पडदी हवी. फक्त मादी जाईल एवढंच भोक. तिला नको असेल तर निघून जाता आलं पाहिजे."

"मॅडम, उंदीर आहेत ते," प्राचार्य म्हणाले.

"मग? उंदरिणीला नको म्हणायची सोय नको?"

सुताराने पडदी बसवली, तेव्हा कुठे मॅडम डबा उघडून जेवल्या.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने औषध दिलेल्या मादीबद्दल लिहिलं, 'मादीने नराचा शांतपणे स्वीकार केला.' मॅडमचा आवाज कॅन्टीनपर्यंत आला. मी त्यांच्या प्रयोगशाळेतली मदतनीस, धावत गेले. त्यांनी मादीचे पुढचे पाय अलगद उचलून एका आडव्या दांडीवर ठेवले होते. मादी तशीच, खेळण्यासारखी.

"बघ. पाय खाली घ्यायचंसुद्धा हिला सुधरत नाहीये. औषधाने आखडलीय ती. आणि तू स्वीकार लिहितोस? अरे शहाण्या, पळता आलं नाही म्हणजे होकार झाला का?"

पोराचे कान लाल झाले. मी हसू गिळलं. मॅडमच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं, रागाचं.

लग्नानंतर वर्षाच्या आत त्या सासरहून परत आल्या आणि पुढे शिकल्या, एवढंच आम्हाला ठाऊक. विचारायची हिंमत कुणाची?

यंदा त्यांच्या भाचीला बघायला पाहुणे यायचे होते. मॅडमबरोबर मीही कवठे महांकाळला गेले. पोरगी मान खाली घालून पाटावर बसलेली. पाहुण्यांतले एक म्हातारे म्हणाले, "पोरगी गप हाय म्हंजी पसंती हाय. फोडा सुपारी."

मॅडम उठल्याच. "गप्प आहे. हो म्हणालेली नाही."

"आक्का, आता बस की गं," त्यांचा भाऊ कळवळला.

"नाही बसत. तिला विचारा आधी."

कुणी चहाचा कप खाली ठेवीना. शेवटी पोरीनेच मान वर केली. "आत्या, मला पसंत हाय. आमी दोघं रोज फोनवर बोलतो."

घर हसून हसून आडवं झालं. नवरा मुलगा भिंतीकडे बघू लागला. मॅडम हसल्या नाहीत. "मग मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू दे."

पोरीने मोठ्यानं सांगितलं. सुपारी फुटली.

परतताना मी गाडी चालवत होते. तासगाव मागे पडेपर्यंत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, फजिती झाली म्हणून गप्प आहेत.

"माझी सुपारी फोडली तेव्हा मी आतल्या खोलीत होते," त्या एकदम म्हणाल्या. "बाहेरून आवाज आला, तेव्हा कळलं ठरलं म्हणून."

मी गाडीचा वेग कमी केला.

"माणूस वाईट नव्हता गं. कुणी विचारलं असतं ना, तर मी होच म्हणाले असते."