चपला मोजून करसल्लागार निवडण्याची पद्धत

धंदा करणाऱ्या माणसाचं दुकानावाचून एकवेळ भागतं, करसल्लागारावाचून भागत नाही. तो निवडावा कसा, याबाबत इतर जिल्ह्यांत अजून चाचपडणं चालू आहे. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र शास्त्रशुद्ध पद्धत रूढ आहे. सल्लागाराच्या दारातल्या चपला मोजायच्या. जिथे जास्त, तो हुशार. या पद्धतीला खर्च नाही, शिक्षणाची अट नाही आणि कुणाला काही विचारत बसायची गरज नाही.

शिरूर कासारच्या बद्रीनाथने हीच पद्धत वापरली. त्याचं ताडपत्र्या आणि कोयत्यांचं दुकान. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, प्रत्येक बिऱ्हाडाला खोपीवर टाकायला ताडपत्री लागते, आणि बद्रीनाथच्या घरचं वर्षाचं मीठपीठ त्या पंधरवड्यात सुटतं. नेमकी तेव्हाच जीएसटीची नोटीस आली. सहा महिन्यांची विवरणपत्रं भरलेली नाहीत, सबब नोंदणी रद्द का करू नये याचं उत्तर सात दिवसांत द्यावं. (विवरणपत्रं भरायची असतात, हे बद्रीनाथला या नोटिशीतूनच कळलं. शासनाचा पत्रव्यवहार असा उद्बोधक असतो.) जीएसटीचा नंबर गेला, तर ठोक व्यापारी ताडपत्र्या पाठवणार नव्हता.

ताबडतोब त्रिसदस्यीय समिती बीडला रवाना झाली. स्वतः बद्रीनाथ, त्याचा मेहुणा परमेश्वर, कारण जीप त्याची, आणि अंगदअण्णा, कारण ते पंचायत समितीला दोनदा पडल्यामुळे त्यांना प्रशासनाचा अनुभव होता.

पहिली भेट धनश्री या सीए बाईंकडे. दारात चपलांचा एक जोड, तोही त्यांचाच. त्यांनी नोटीस पूर्ण वाचली (इथेच समितीला शंका आली) आणि म्हणाल्या, "राहिलेली विवरणपत्रं आज भरू, उत्तर देऊ. संध्याकाळपर्यंत होईल, काका."

समिती चहा न घेता बाहेर पडली.

"बे बद्री, येवढी दांडगी सरकारी नोटीस अन् ही म्हनती संध्याकाळपस्तोर!" अंगदअण्णा म्हणाले. "तिला नोटीस कळलीच न्हाई."

"अन् गिऱ्हाईक तर एक बी न्हाई," परमेश्वरने अहवालात भर घातली.

बाईंकडे दीडशेवर व्यापारी होते. कामं वेळेवर होत असल्याने त्यांना यायचं कारण पडत नसे. पण हा तपशील पद्धतीत बसत नसल्याने विचारात घेता आला नाही.

दुसरी भेट करसल्लागार रविराज साहेबांकडे. चपलांचे एकतीस जोड, जिन्यावर माणसं, जिन्याखाली माणसं, चहावाल्याची स्वतंत्र शाखा. अडीच तासांनी आत प्रवेश मिळाल्यावर साहेबांनी नोटीस नुसती हातात धरून वजन पाहिलं आणि दीर्घ श्वास सोडला.

"लई अवघड हाय. वर बोलावं लागंल."

तिघांचे चेहरे उजळले. काम अवघड आहे म्हणणारा माणूस मिळाला, म्हणजे निम्मं काम झालं. साहेबांनी पोर्टलचा पासवर्ड बदलून घेतला, मोबाईल नंबरही आपल्या ऑफिसचा टाकला. "तुमी कशाला डोक्याला ताप घेता?" बद्रीनाथला इतकं हलकं वाटलं की त्याने परतताना वाटेतल्या फाट्यावर सगळ्यांना भजी खाऊ घातली.

घरी त्याच्या बायकोने, विजयमालाने, सगळं ऐकून घेतलं.

"अवं, ती तितं बसल्याली मान्सं कावून बसलीत, इचारलं का?"

"दवाखान्यात गेल्यावर दुसऱ्याचं दुखनं इचारीत असतेत का?" बद्रीनाथ म्हणाला. प्रश्न निकाली निघाला.

दुसऱ्या दिवसापासून तो जिन्यावर बसू लागला. शेजारी उमापूरचे धुळाजी होते. मेंढ्यांच्या औषधांचं दुकान, स्वभाव शांत, सोबत भाकरी.

"तुमचं काय काम हाय?" बद्रीनाथने विचारलं.

"नंबर रद्द झालाय. मागल्या सालीच."

"मंग अजून कावून यायलाव?"

"सायेब लई हुशार हायेत," धुळाजी म्हणाले. "येवढी गर्दी सोडून जावं कुठं?"

अधिक चौकशी करता असं निष्पन्न झालं की जिन्यावरचे सर्वजण नोटीसधारक होते. त्यातले सतरा जण साहेबांकडे येण्यापूर्वी नोटीसधारक नव्हते. बद्रीनाथचा पद्धतीवरचा विश्वास मात्र ढळला नाही.

सात दिवस गेले. साहेबांचं वर बोलणं चालूच होतं. आठव्या दिवशी खात्याने त्याचा नंबर तात्पुरता बंद केला आणि व्यापाऱ्याने ताडपत्र्या पाठवायला नकार दिला. टोळ्या दोन दिवस थांबल्या, दुसरीकडून ताडपत्र्या घेऊन निघून गेल्या. रिकाम्या दुकानापुढून ट्रॅक्टर जाताना बद्रीनाथ पाहत राहिला. त्याला फार वाईट वाटलं.

मग तो एकटाच धनश्री बाईंकडे गेला. त्या रागावल्या नाहीत. "अजून वाचवता येईल, काका. आज अंतिम आदेश निघायच्या आत. पासवर्ड सांगा."

त्याने साहेबांना फोन लावला. पासवर्ड ऑफिसच्या पोराला पाठ होता आणि पोरगं लग्नाला गेलं होतं. ओटीपी ऑफिसच्या ज्या फोनवर यायचा तो साहेबांच्या साडूकडे होता, आणि साडू टोळी घेऊन कारखान्यावर गेला होता. बाईंनी संध्याकाळी सहापर्यंत वाट पाहिली. सव्वासहाला नोंदणी रद्द झाली.

बद्रीनाथ हल्ली रोज जिन्यावर असतो. निदान पासवर्ड तरी मिळावा म्हणून.

वाचकहो, तुम्हाला त्याचं हसू आलं असेल. अवश्य हसा. हसून झालं की डोळे मिटून आपल्या स्वतःच्या खात्याचा पासवर्ड तेवढा आठवून पाहा.

नाही ना आठवत? मग उद्या जरा लवकर निघा. दहानंतर जिन्यावर बसायला जागा मिळत नाही.