गवईकाकांचं विरजण

दुसऱ्याच्या घरचं दही आधी स्वतः चाखायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण जिवंत असल्याचं दारात येऊन सांगायचं, हा आमच्या केनवडच्या गवईकाकांचा नेम. "मी जिता हाओ. खा आता!" एवढाच अहवाल. तोवर दह्याला हात लावायचा नाही, मग ते आंबून का जाईना.

काका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मुलांना सूक्ष्मदर्शकातून जंतू दाखवता दाखवता जंतूंचेच सोयरे झाले. "जंतू म्हंजे वाईटच, असं काहून? मानसावानी, काई भले, काई बदमाश. पैले तपास, मंग घास!" लग्नाच्या पंगतीतही ते मठ्ठ्याचा पेला उजेडाकडे धरत आणि वाढपी कपाळाला हात लावत.

तपासणी माफ होती ती फक्त घरच्या विरजणाला. सुमनकाकूंनी ते लग्नानंतर रिठदहून, माहेरून आणलेलं. रोज नव्या दुधात चमचाभर जुनं दही, असं ते चाळीस वर्षं चाललं. काकू वारल्या, तरी चाललं. पण गल्लीत कुणी विरजण मागायला गेलं, की काका दार अडवून उभे. "तुमच्या दुधाचा भरोसा नाई."

वैशाखात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वाशीमला जाताना त्यांनी विरजणाचं गाडगं आमच्याकडे आणलं. "भाऊ, आठ दिस. रोज नवं दूध द्या. उपाशी ठेवू नका ह्याइले." मी हसून हो म्हटलं. मग कारंज्याला नात्यातलं लग्न निघालं आणि आम्ही तिथे चार दिवस रमलो. परतलो तर गाडग्यात गुलाबी बुरशी! खरं सांगायची छाती झाली नाही. गाडगं धुतलं, दुकानातून पाकिटाचं दही आणलं आणि त्याचंच विरजण लावून ठेवलं.

काळा चष्मा लावून काका आले. बोट बुडवून चाटलं. पुन्हा एकदा चाटलं. "बरं हाय," म्हणाले आणि गाडगं पोटाशी धरून गेले. सुटलो, असं मला वाटलं. सांगायलाही लाज वाटते.

सकाळी दारात हजर, हातात दह्याची वाटी.

"मी जिता हाओ. खा."

मी मान खाली घातली.

"जंतू भले हायेत, भाऊ. पन सुमनच्या घरचे नाईत."

डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते आतूनच आलं, त्याला कोण काय करणार?

"काका, चुकलो मी."

"माह्यंच चुकलं. कोनालेच चमचाभर देल्लं नाई. एका घरी असतं, त आज मांगाले गेलो असतो."

आणि त्यांनी वाटी माझ्या हातात ठेवली.