आल्हादला काहीही चालतं

"पहिली चिठ्ठी आल्हाददादांची," भाविक म्हणाला. "बोला दादा, कुठली टीम घेताय?"

अंजूरच्या गोडाऊनमधल्या ऑफिसात सगळा स्टाफ खुर्च्या ओढून बसला होता. भिंतीवरच्या टीव्हीवर बेसबॉलच्या टीम झळकत होत्या. भाविक हा मालक मनोजशेठ यांचा मुलगा, अमेरिकेत शिकून आला होता आणि येताना डिग्रीबरोबर बेसबॉलचं वेडही घेऊन आला होता. त्याच्या या बेसबॉलला मैदान नको, पळापळी नको. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये एक टीम घ्यायची, तिचा मॅनेजर व्हायचं, बॉल कोण टाकणार, दांडू कोण फिरवणार ते ठरवायचं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटर स्वतःच मॅच खेळून निकाल सांगणार. बेसबॉल कुणाच्या बापाने पाहिला नव्हता. पण कोपऱ्यात खुद्द मनोजशेठ बसले होते, त्यामुळे सगळ्यांना त्या खेळाची एकाएकी गोडी लागली होती.

कारण उघड होतं. शेठचं नवीन गोडाऊन बायपासला तयार होत होतं आणि त्याला मॅनेजर हवा होता. "जो टीम नीट चालवंल, तो गोडाऊन पन चालवंल," असं शेठ चहा पिता पिता बोलून गेले होते. आल्हाद कित्येक वर्षं डिस्पॅच सांभाळत होता. बायपासचं गोडाऊन त्याच्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं, वर काचेची केबिन आणि एसी. रोज अंजूरच्या शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसून त्याची कंबर कामातून गेली होती. ती केबिन त्याला हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. सकाळी डबा देताना रुचिराने, म्हणजे त्याच्या बायकोने, बजावलं होतं, "आज कुणी काही विचारलं तर सरळ हो म्हण. तुझं ते नको-नको घरी ठेवून जा."

तिची धास्ती खोटी नव्हती. आल्हादच्या घरी एक रीत होती. कुणी काही पुढे केलं की आधी नको म्हणायचं. पुन्हा विचारलं की 'कशाला उगाच' म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग समोरच्याचं मन राखायला म्हणून घ्यायचं. या रीतीपायी त्याचे वडील दत्तोपंत लग्नाच्या पंगतींतून निम्म्या पोटाने उठत आले होते, पण रीत काही सोडली नव्हती.

आल्हादने घरी अभ्यास केला होता. ग्रँट हिल ईगल्स ही सगळ्यात तगडी टीम, हे त्याला पाठ होतं. नाव जिभेवर आलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "छे छे, आधी बाकीच्यांना घेऊ द्या. मला काहीही चालेल."

असं म्हणून तो आग्रहाची वाट बघत मान किंचित खाली घालून बसला.

"ओके," भाविक म्हणाला. "ऋतिका?"

"ईगल्स," अकाउंट्सची ऋतिका म्हणाली. तिने श्वासही घेतला नाही.

मग फोर्कलिफ्टवाला रामनाथ, मग गेटवरचे, मग बिलिंगचे. आल्हादची मान खालीच राहिली आणि शेवटी टीव्हीवर एकच टीम उरली, लेकव्ह्यू हेरन्स. एका पायावर उभा असलेला बगळा हे त्यांचं चिन्ह. गेल्या हंगामात तळाला, त्याच्या आदल्या हंगामातही तळाला. मुख्य पिचरचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं, वय पेन्शनीला टेकलेलं, त्यात खांद्याचं ऑपरेशन झालेलं. पहिल्या बेसवर उभं राहून झेल घ्यायचं ज्याचं काम, त्याला झेल सोडून सगळं येत होतं.

"दादा, ही गेममधली सगळ्यात अवघड टीम आहे," भाविक म्हणाला. "हिच्या नावासमोर कवटीचं चित्र असतं. बदलून देऊ का?"

सगळे आल्हादकडे बघत होते आणि ऋतिका ओठ दाबून हसत होती. आल्हादच्या कानशिलांना घाम फुटला. "नको नको," तो म्हणाला. "मी हिच्यासाठीच थांबलो होतो. चांगली टीम काय, कुणीही जिंकवेल."

मनोजशेठनी मोबाईलमधून डोकं वर काढलं. "बघा रं," ते म्हणाले. "याला बोलतात जिगर."

संध्याकाळी रुचिराने दारातच विचारलं, "कितवी टीम मिळाली?"

"पहिली," आल्हाद म्हणाला. "खालून."

"नको म्हणालास ना?"

आल्हादने चपला काढायला जरा जास्तच वेळ घेतला. झोपाळ्यावरून दत्तोपंत म्हणाले, "सूनबाई, हावरेपणा आपल्या रक्तात नाही. मला मुख्याध्यापक करत होते, तेव्हा मीसुद्धा आधी नकोच म्हणालो होतो."

"बाबा, तुम्हाला परत कुणी विचारलंच नाही."

"विचारणार होते," दत्तोपंत म्हणाले. त्यांना रिटायर होऊनही आता एक तप झालं होतं.

हंगाम सुरू झाला आणि बगळे हरू लागले. साधे हरत नव्हते, रीतसर धुतले जात होते. आल्हाद रिक्षात बसून नवनवे डाव आखायचा, म्हाताऱ्या पिचरला विश्रांती द्यायचा, पोरसवद्या पिचरला पुढे करायचा. पोरसवदा त्याच्यापेक्षा वाईट निघायचा. जेवणाची सुट्टी झाली की हमाल हात पुसत टीव्हीसमोर यायचे आणि विचारायचे, "भाऊ, बगला आज कितीनं पडला?" एकदा गेममध्येच पाऊस आला आणि मॅच रद्द झाली, तेव्हा त्यांनी आल्हादकडे पेढे मागितले. त्या दिवशी त्याला डबा गिळवेना.

ऋतिकाला त्याची दया आली. "सर, माझ्याकडे दोन चांगले पिचर नुसते बसून आहेत. एक घेता का?"

घेता का? त्या पिचरवाचून आल्हादची झोप उडाली होती. पण जीभ सवयीची गुलाम. "छे, तुमची टीम कशाला कमकुवत करायची," तो म्हणाला आणि मान किंचित खाली घातली.

"बरं," ऋतिका म्हणाली आणि तो पिचर तिने रामनाथला देऊन टाकला.

भाविकने गेम थोडा सोपा करून देतो म्हटलं, तेही असंच गेलं. आणि गंमत बघा, आल्हाद जसजसा बुडत गेला तसतसं त्याचं नाव मोठं होत गेलं. गोडाऊन बघायला कुणी पार्टी आली की मनोजशेठ त्याच्या पाठीवर थाप मारून सांगायचे, "हा आमचा आल्हाद. मुद्दाम फाटकी टीम घेतो. कोनाची मदत घेत न्हाय." आल्हाद हसायचा. रडता येत नव्हतं म्हणून हसायचा. रात्री डोळे मिटले की त्याला तो म्हातारा पिचर दिसायचा. त्या बिचाऱ्यालाही लहानपणी कुणीतरी नको म्हणायला शिकवलं असणार, अशी त्याची खात्री झाली होती.

इकडे रुचिराने त्याची तालीम सुरू केली होती. सकाळी कढई घेऊन समोर उभी राहायची. "पोहे हवेत?"

"नको... हो."

"पहिल्या फटक्यात. पुन्हा. पोहे हवेत?"

"हो."

हंगाम संपेपर्यंत तो पहिल्या फटक्यात हो म्हणायला शिकला. पोह्यांना, चहाला, खोबऱ्यालासुद्धा. बगळे तळाला राहिले आणि ईगल्सने कप घेतला, तरी रुचिराने धीर सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मनोजशेठनी आल्हादला आत बोलावलं. "बस," ते म्हणाले. "ऋतिका जिंकली. पन ती टीम मी झोपंत जिंकवली असती. तू रोज मार खाल्लास, पन टीम टाकून पलालास न्हाय. तवा मॅनेजर तूच."

आल्हाद खुर्चीच्या टोकावर सरकला.

"आता ऐक. मना दोन जागी मॅनेजर पायजे. एक बायपासला. दुसरा आपला दिघाशीचा जुना गोडाऊन. तिथं पत्रा गलतो, लाईट जाते, मोबाईलला रेंज न्हाय, हमाल टिकत न्हाय. मागचा मॅनेजर जेवाया गेला तो परत आलाच न्हाय. तुला चॅलेंज आवडतो, म्हनून मना दिघाशी सुचली. पन पयला हक्क तुझा. बोल, बायपास का दिघाशी?"

आल्हादच्या डोळ्यांसमोर रुचिरा कढई घेऊन उभी राहिली. पोहे हवेत? हो. बायपास हवा? त्याने तोंड उघडलं. पण समोर कढई नव्हती, मोठा माणूस होता, आणि मोठा माणूस स्वतःहून काही देत होता.

"तुम्ही द्याल ते, शेठ," तो म्हणाला. "मला काहीही चालेल."

म्हणाला आणि त्याने जीभ चावली. पण शेठ पुढे वाकले. "नक्की ना? बघ हां, परत इचारतो. बायपास पायजे तं बोल."

आजवर त्याला ऑफिसात कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. आल्हादचे डोळे भरून आले. रीत अखेर कुणाला तरी कळली होती. आता फक्त एकच विचारणं बाकी होतं. "कशाला उगाच," तो लाजून म्हणाला आणि मान किंचित खाली घातली.

"बरा तर," शेठ म्हणाले. खण उघडून त्यांनी गंजलेल्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्यासमोर ठेवला आणि बाहेर हाक मारली, "ऋतिका, ये गो आत. तुला बायपास चालंल?"

"चालेल," दारातून आवाज आला.

घरी जेवायच्या वेळी त्याने सगळं सांगितलं. रुचिरा भाताचं पातेलं घेऊन नुसती उभी होती. दत्तोपंतांनी मात्र झोपाळा थांबवला.

"दोनदा विचारलं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. "केवढा मान दिला तुला. मला एकदाच विचारलं होतं."

आल्हाद किल्ल्यांकडे बघत बसला होता. उद्या पहाटेची एसटी, आणि उतरून पुढे पायी.

"भात वाढू?" रुचिराने विचारलं.

"नको," आल्हाद म्हणाला.

रुचिराने पातेलं आत नेलं आणि झाकून ठेवलं. आल्हादला चांगलीच भूक लागली होती.