मुक्या गाडीचं तेल

"मशीन बोलतं. ऐकणारा पाहिजे," असं छगनआप्पा म्हणायचे. ऐकायला समोर कुणी नसलं तरी म्हणायचे.

आप्पा मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी सुरतेला आले, पांडेसऱ्यातल्या एका लूमखात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, लागले आणि तिथेच मशीन दुरुस्त करणारे मास्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांचं हत्यार एकच, लांब दांड्याचा पेचकस. सुरतेत त्याला डिसमिस म्हणतात. डिसमिसचं टोक चालत्या मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या थाटात सांगायचं, "याला तेल पाहिजे." सबंध खातं खडखडत असताना आप्पा नेमकं तहानलेलं मशीन हुडकून काढत, आणि शेठसुद्धा त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे.

आता एवढ्या वर्षांच्या खडखडाटानं त्यांचे कान कामातून गेले होते, ही गोष्ट वेगळी. दारावरची बेल त्यांना ऐकू येत नसे. बायकोची, धुरपदाबाईंची, हाक तर लग्नानंतर थोड्याच वर्षांत बंद झाली होती. पण डिसमिस कानाला लावला की मला मुंगीचा खोकला ऐकू येतो, असा आप्पांचा दावा होता आणि मुंगी काही खोटं पाडायला येत नव्हती.

अशा माणसाच्या घरात त्यांच्या मुलानं, योगराजनं, हायब्रिड गाडी आणली. योगराज साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतो. त्याला नव्या गोष्टींची हौस. पहिल्या दिवशी त्यानं आप्पांना पुढच्या सीटवर बसवलं आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. आप्पा मनात म्हणाले, पहिल्याच दिवशी बिघडली. एवढ्यात गाडी निघाली. आवाज नाही, थरथर नाही. कुणीतरी मागून अलगद ढकलावं तशी गल्लीबाहेर पडली.

"इंजिन कुठे गेलं?" आप्पांनी विचारलं.

"आहे आप्पा, झोपलंय. लागलं की उठेल."

पुढे पुलाच्या चढावर ते खरोखर उठलं, आपलं काम केलं आणि उतारावर पुन्हा झोपलं. सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा आत इतकी शांतता होती की शेजारच्या रिक्षातला माणूस नाक ओढतोय हे आप्पांना डिसमिसशिवाय ऐकू आलं. आप्पांचे हात आपोआप जोडले गेले. जन्मभर ज्यांनी मशीन म्हणजे गोंगाट असंच जाणलं, त्यांना हे एखाद्या मौनी बाबाचं दर्शन वाटलं. त्या रात्री ते धुरपदाबाईंना म्हणाले, "आपण आयुष्यभर ओरडणारी मशिनं सांभाळली. हे मशीन शहाणं आहे. कामापुरतं बोलतं."

"शिका काही त्याच्याकडून," धुरपदाबाई म्हणाल्या. ते काही आप्पांना ऐकू गेलं नाही.

इथपर्यंत सगळं बरं होतं. मग तेलाचा विषय निघाला. सर्व्हिसवाल्यानं योगराजला सांगितलं होतं की इंजिनचं तेल दहा हजार किलोमीटरला नाहीतर वर्षातून एकदा, जे आधी होईल तेव्हा बदलायचं.

"वर्षातून?" आप्पा उठून उभे राहिले. "अरे, लूमला आम्ही रोज सकाळी तेल द्यायचो. देवाला दिवा नंतर, मशीनला तेल आधी. हे इंजिन तर दिवसातून शंभरदा झोपतं आणि शंभरदा उठतं. मशीन झिजतं ते उठतानाच. या गाडीच्या तेलाचं मी ठरवीन."

ठरवीन म्हणाले खरे, पण ठरवणार कसं? संध्याकाळी गाडी दारात आली की आप्पा डिसमिस घेऊन बॉनेटपाशी जात. बॉनेटखालून कधी हूं नाही की चूं नाही. मशीन बोललंच नाही तर ऐकणार काय? आप्पा परत येत आणि म्हणत, "अजून विचार चाललाय."

हा विचार असाच वर्षभर चालला असता तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आप्पांच्या मुलीला, चंचलला, याच सुमारास बारडोलीचं स्थळ आलं. मुलगा चेतन, तिच्याच ऑफिसात कामाला. म्हणजे स्थळ आलं म्हणण्यापेक्षा चंचलनं ते हळूच आणून उंबऱ्यावर ठेवलं होतं. चेतनचे वडील हिलालनाना, तेही मूळचे खानदेशातले, साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. आप्पांना फार आनंद झाला. मशीनवाल्याच्या घरी मुलगी जाणार. त्यांनी आपण होऊन फोन केला, आणि गप्पा मारता मारता तेलाचं विचारलं.

"त्यात काय एवढं?" हिलालनाना पलीकडून म्हणाले. "आमच्या मिलला हंगाम संपल्यावर एकदाच सगळं खोलून तेलपाणी. तुमचं इंजिन तर अर्धा वेळ बंदच असतं म्हणता. मग तेल झिजणार कशानं? दोन वर्षं हात लावू नका."

"दोन वर्षं?" आप्पा म्हणाले. "मशीन आहे का लोणचं?"

फोन कुणी आधी ठेवला यावर दोन्ही घरांत मतभेद आहेत. चंचल मात्र त्या दिवशी जेवली नाही. तिला कारणही तसंच होतं. तिचं मागचं एक स्थळ आप्पांनी पाण्याच्या मोटारीवरून मोडलं होतं. पाहुण्यांच्या घरी चहा पिता पिता ते म्हणाले होते की तुमची मोटार दोन महिन्यांत जळेल. ती जळली, हे आणखी वाईट झालं.

म्हणून बारडोलीला मुलाचं घर बघायला जायचा आणि तिथेच सुपारी फोडून लग्न पक्कं करायचा दिवस उजाडला, तेव्हा चंचल आप्पांसमोर येऊन बसली.

"आप्पा, आज तेल नाही."

"कसलं तेल?"

"कुठलंच. माझ्या डोक्यावर हात ठेवा. मला हेच घर पाहिजे, आप्पा."

आप्पांनी हात ठेवला. मुलीचा आवाज कापत होता आणि तो त्यांना नीट ऐकू आला. त्यांनी डिसमिस घरी ठेवला. मग अनोळखी जागी लागला तर असावा म्हणून पुन्हा खिशात घातला.

बारडोलीचा रस्ता गाडीनं असा कापला की आप्पा तेलच काय, बोलणंच विसरले. दोन्ही बाजूंना ऊस, वर ऊन, आणि आत बर्फासारखी गार शांतता. हिलालनानांच्या दारात उतरले तर त्यांच्याकडे वीज गेलेली. पंखे बंद. धुरपदाबाईंना उकाड्यानं गरगरतं, म्हणून योगराज म्हणाला, "आई, तू थोडा वेळ गाडीतच बस. मी एसी चालू ठेवतो." त्यानं आईला कुठलं बटण कशाचं ते दाखवलं आणि बाकीच्यांबरोबर आत गेला.

आत चहा झाला, पोहे झाले. हिलालनाना आणि आप्पा एकमेकांशी अगदी पुस्तकी मराठीत बोलत होते. नवे व्याही तसंच बोलतात. भांडण झालं की मग घरची अहिराणी बाहेर येते. पाऊसपाणी झालं, उसाचं झालं. मग दोघांचेही विषय संपले आणि दोघांचेही डोळे दारातल्या गाडीकडे गेले.

"गाडी चांगली आहे," हिलालनाना म्हणाले.

"आहे," आप्पा म्हणाले आणि जीभ चावली.

"जरा जवळून पाहिली असती."

पाहण्याला तर शपथ आड येत नव्हती. दोघे बाहेर आले. गाडीचा एसी चालू होता, म्हणजे इंजिन चालू असणारच. एसी चालतो तो इंजिनावर, हे दोघांनाही जन्मापासून ठाऊक. आप्पांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बॉनेटचा खटका ओढला.

"काय करी ऱ्हायनात तुमी?" शेजारच्या सीटवरून धुरपदाबाईंनी विचारलं.

"काही नही. तू बस," आप्पा म्हणाले.

बॉनेट वर झालं. खिशातून डिसमिस निघाला. आणि काय आश्चर्य, हिलालनानांच्या खिशातूनही निघाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन पैलवान आखाड्यात समोरासमोर यावेत तसं झालं. मग दोघे दोन बाजूंनी वाकले, टोकं टेकवली, मुठी कानाला लावल्या आणि डोळे मिटले. खालून एक बारीक, एकसुरी गुणगुण येत होती. आप्पांच्या अंगावर काटा आला. इतके दिवस मुकी असलेली गाडी अखेर त्यांच्याशी बोलत होती.

"ऐकलं?" ते म्हणाले. "तेल पातळ पडलंय. तेल मागतंय ते."

"मागत नाही, व्याही. तृप्त आहे. धष्टपुष्ट आवाज आहे. दोन वर्षं निघतील."

"तुम्हाला उसाच्या मिलची सवय. हे नाजूक काम आहे."

"आणि तुम्हाला लूमच्या धोट्याची. तेलच बघू ना, तेल खोटं बोलत नाही." असं म्हणून हिलालनानांनी तेल बघायची पट्टी धरली आणि सर्रकन बाहेर ओढली.

त्याच क्षणी गुणगुण थांबली.

दोघेही जागच्या जागी गोठले. हिलालनानांच्या हातात पट्टी, पट्टीच्या टोकाला तेलाचा थेंब. आप्पांनी डिसमिस पुन्हा टेकवला. काही नाही. जागा बदलली. काही नाही. कुठलीही साधी गाडी पट्टी काढल्यानं बंद पडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पण ही साधी गाडी नव्हती. हिच्या मनात काय असेल सांगता येत नव्हतं.

"आते काय करानं?" हिलालनाना म्हणाले. पुस्तकी मराठी संपली होती.

आतून सुमनबाईंचा, म्हणजे हिलालनानांच्या पत्नीचा, आवाज आला. "अहो, या लवकर. सुपारी फोडायची आहे."

आप्पांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. पोराची नवी कोरी गाडी व्याह्यांच्या दारात मेलेली, आणि डोक्यावर हात ठेवून घेणारी चंचल. दोन पायऱ्यांवर आत मुलीचं सुख मांडून ठेवलं होतं आणि आपण एका थेंबभर तेलासाठी ते सांडलं.

दारात योगराजची चाहूल लागली. हिलालनाना आप्पांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "व्याही, तुम्ही बोलू नका. मी सांगस, मीच बंद पाडी."

"नही, नही. पहिला डिसमिस मना शे."

"पट्टी मी ओढी. आणि पोरनं मन कशाले मोडानं? तिना बापना दोष नको निंघाले."

ज्या माणसाला तेलातलं ओ की ठो कळत नाही, तो आपल्या मुलीसाठी स्वतःच्या दारात, स्वतःच्या माणसांसमोर मान खाली घालायला तयार होता. याहून चांगलं घर चंचलला सात जन्मांत मिळालं नसतं. आप्पांनी त्यांच्या हातातली पट्टी घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली, कपाळाला लावली आणि दोघांनी मिळून ती हळूच जागेवर घातली.

गुणगुण सुरू झाली. आणि पाठोपाठ, ड्रायव्हरच्या जागी कुणी बसलेलं नसताना, कुणी किल्ली लावलेली नसताना, इंजिन आपण होऊन हुंकार देऊन उठलं!

दोघे दोन पावलं मागे उडाले. हिलालनानांचा डिसमिस दारापुढच्या मोरीत पडला. मग दोघांनीही, एकमेकांकडे न बघता, उघड्या बॉनेटला हात जोडले. योगराज दारात आला तेव्हा त्याला वाटलं, गाडीची पूजा चालली आहे.

"काय झालं आप्पा?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. "तेलाचं ठरलं."

चंचल योगराजच्या मागे उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला.

"कंपनी म्हणते ते," हिलालनाना म्हणाले. "वर्षाला एकदा, नाहीतर दहा हजार. जे आधी होईल ते."

"आणि तेही कंपनीनंच बदलायचं," आप्पा म्हणाले. "आपण हात लावायचा नाही. गाडीला चालत नाही."

सुपारी फुटली. दोघे व्याही शेजारी शेजारी बसले होते आणि एकमेकांना पेढे भरवत होते. चंचलला काहीच कळेना, पण रडता रडता ती हसत होती. सुमनबाई म्हणाल्या, यांना कुणाशी एकमत होताना मी आजच पाहिलं.

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं. आप्पा मागच्या सीटवर धुरपदाबाईंच्या शेजारी बसले होते, भारावलेले. शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी बायकोच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. पट्टी काढताच गाडीचा प्राण कसा गेला आणि पट्टी घालताच कसा परत आला, तेही सांगितलं.

धुरपदाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माले थंडी वाजनी म्हनीसन मी एसी बंद करा. मंग गरम व्हवाले लागनं, म्हनीसन पुरा जोरमा चालू करा."

"मग इंजिन?"

"ते तं बंदच व्हतं. एसी बॅटरीवर चालस. बॅटरी उतरनी का इंजिन आपोआप उठस. योगराजनी माले उतरतानाच सांगं व्हतं."

आप्पांनी बोटांवर हिशेब मांडला. म्हणजे जे तेल मागत होतं ते एसीचं मशीन होतं. आणि धष्टपुष्ट होतं तेही तेच. त्यांनी खिशातून फोन काढला, हिलालनानांचा नंबर शोधला आणि अंगठा कॉलच्या बटणावर धरून थांबले.

धुरपदाबाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"लगीन लागू द्या," त्या म्हणाल्या. "मंग सांगा."