तेवीस डबे

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देवकी आठ दिवस मुरबाडला गेली आणि पाचव्या दिवशी जयरामने तिचं स्वयंपाकघर सुधारायला घेतलं. भातसा धरणावर नोकरी करणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातलं काय कळतं, असं कोणी विचारलं नाही, कारण विचारणारी मुरबाडला होती. मोबाईलवर त्याने एक व्हिडिओ पाहिला होता. प्लास्टिक म्हणजे विष, हे त्यातला गृहस्थ इतक्या प्रेमळ आवाजात सांगत होता की जयरामच्या घशाखाली चहा उतरेना.

त्याने मांडणीवरचे, ओट्याखालचे, फ्रिजवरचे सगळे प्लास्टिकचे डबे रिकामे केले. मोजले तर तेवीस निघाले. हिरवी घासणी कचऱ्यात गेली, तिच्या जागी वाळक्या घोसाळ्याची आली. भांड्यांच्या साबणाऐवजी रिठे भिजत पडले. डब्यांचा ढीग रचून त्याने फोटो काढला आणि भातसानगरच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आजपासून आमचं स्वयंपाकघर प्लास्टिकमुक्त. तुम्ही कधी जागे होणार?'

तेवढ्यात खालच्या पाड्यावरची भाजीवाली सावळी रानातली करटोली विकायला आली. तिच्याकडच्या बांबूच्या टोपल्या पाहून जयरामला हर्ष झाला.

"सावळे, हे डबे घेऊन जा. मला तुझ्या टोपल्या दे."

"वैनीला इचारलंत का दादा?"

"घर माझं हाय."

"आनि डबे?"

"डबे काय शेजाऱ्यांचे असतात?"

सावळीने ढिगाकडे पाहिलं, मग जयरामकडे पाहिलं, आणि सहा टोपल्या ठेवून डबे फडक्यात बांधले. जयरामने त्याच उत्साहात एका टोपलीत साखर भरली. रात्रीतून कॉलनीतल्या यच्चयावत मुंग्यांना त्याचा पत्ता मिळाला.

सकाळी तो मुंग्या झाडत असतानाच शेजारची नम्रता दारात आली.

"भावजी, माझा निळ्या झाकनाचा डबा द्या ना. वैनींना अळूवड्या दिल्या होत्या त्यातून."

कुठल्याही घरातले निम्मे डबे शेजारणींचे असतात, हे ज्ञान जयरामला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी झालं.

"तो... देवकीनं कपाटात ठेवलाय. कुलूप हाय."

"डब्याला कुलूप?"

"चांगला डबा हाय म्हनून."

नम्रता रिकाम्या हाताने परत गेली. दुपारी समोरच्या सरस्वतीवहिनी आल्या. त्यांचे दोन होते, एक लोणच्याचा आणि एक घावनांचा. त्यांना जयरामने सांगितलं की कपाटाची चावी हरवलीय. संध्याकाळी मागच्या रांगेतून कुणाली आली, तेव्हा चावी हरवली नव्हती, देवकीबरोबर मुरबाडला गेली होती. एक खोटं झाकायला दुसरं, असं करत रात्रीपर्यंत त्या बिचाऱ्या चावीने बराच प्रवास केला.

मग देवकीचाच फोन आला.

"काय वो, मी कसली चावी आनलीय? आपल्या कपाटाला कुलूप कुठंय?"

"तू ये, मग सांगतो."

"परवा दुपारच्या गाडीनं येते. तोवर कायतरी चांगलं कारन शोधून ठेवा."

जयराम त्या रात्री नीट जेवला नाही. देवकीकडे गेलेला डबा हरवत नाही आणि रिकामा परत येत नाही, असं तिचं चारही रांगांत नाव होतं. वीस वर्षांत कमावलेलं ते नाव त्याने सहा टोपल्यांना विकलं होतं. त्याला मनापासून लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त त्या 'तुम्ही कधी जागे होणार'ची वाटली.

दुसऱ्या दिवशी टोपल्या उचलून तो पाड्यावर गेला. सावळी अंगणात बसली होती. दिलेली वस्तू परत मागायची कशी, हे न सुचल्याने त्याने आधी पावसाची चौकशी केली, मग बकरीची.

"डब्यांचं बोला दादा," सावळी म्हणाली. "बारा तुमचे हायेत, ते ठेवलेत. अकरा लोकांचे होते, ते आज सकाळीच ज्याचे त्याला देऊन आले."

"तुला कसं कळलं कोनाचे ते?"

"रोज त्याच दारांवर भाजी इकते ना मी."

"रिकामेच दिलेस?"

"रिकामा डबा कसा देनार? वाल घातले मूठ मूठ. तुमीच पाठवलंत म्हनून सांगितलं. वैनीचं नाव राहायला पायजे."

जयरामने खिशात हात घातला. सावळीने तो तिथेच थांबवला.

"आता आनिक लाज नका आनू दादा. त्या टोपल्या पन घेऊन जा. फक्त साखर नका भरू."

टोपलीतून जयरामच्या अंगावर चढलेल्या मुंग्या पाहून ती हसली असावी. त्याने वर पाहिलंच नाही.

परत येताना सरस्वतीवहिनींनी दारातूनच हाक मारली. "भावजी, वाल पोचले हां! चावी सापडली वाटतं?"

आयतं कौतुक पदरात घेता आलं असतं. पण जयरामच्याने ते होईना. भर रस्त्यात उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं. डबे त्याने दिले, वाल सावळीचे, कपाटाला कुलूपच नाही.

"ठावं हाय," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. तुमीच फोटो टाकलात ना ग्रुपवर? माझा लोनच्याचा डबा अगदी वर होता. आमी म्हटलं, बघू तरी भावजी किती टिकतात."

जयरामला वाटलं, भातसाच्या पाण्यात आत्ताच उतरावं. वहिनी आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या.

"वालाचं बिरडं हाय. दोन दिवस जेवला नसाल. डबा प्लास्टिकचा हाय, चालंल ना?"

"चालंल," जयराम म्हणाला.

बिरडं त्याने उभ्यानेच खाल्लं. सकाळी उठून तो डबा रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतला, पुसला आणि ओट्यावर ठेवला. दुपारच्या गाडीने देवकी यायच्या आत तो समोरच्या घरी पोचायला हवा होता, आणि रिकामा तर मुळीच नाही. जयराम बराच वेळ डब्यासमोर उभा राहिला. त्याला फक्त चहा करता येत होता.