राव परमुलखी गेले आणि चहा वर्ज्य केला, त्याची हकीकत

श्री अग्निनारायण चुलीत साक्ष. शके एकोणीसशे चौतीस, नंदन नाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ते वर्षी एका लहान राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. लिहा म्हणोन कोणी आज्ञा केली नाही, पदरची भर घातली नाही, जैसे जाहले तैसे मांडिले. राज्य म्हणजे नदीकाठच्या गावी दोन खोल्या, पुढे ओटा, आणि त्यात दोन माणसे. एक जगन्नाथराव, वय पन्नाशीच्या घरात, लाल एस.टी. गाड्यांच्या डेपोवर वाहतूक नियंत्रक. त्यांनी कर्ण्यावर पुकारा केल्यावाचून गाडी फलाट सोडत नसे, आणि ते चालत आले म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी बिडी विझवून उभी राहात, ऐसा दरारा. दुसऱ्या त्यांचे कुटुंब हेमलताबाईसाहेब, सरकारी दवाखान्यात सिस्टर. मूलबाळ नव्हते. दोघांच्या ड्युट्या उलटसुलट, एक घरी यावा आणि दुसऱ्याने निघावे, म्हणोन राज्यात दरबार एकच भरे, तो चहाचा. जो मागून येई त्याचे पाऊल वाजताच आधी आलेल्याने आधण ठेवावे, आले ठेचावे, आणि दोघांनी कप घेऊन ओट्यावर बसावे. मग वॉर्डात कोण दगावले, कोण तरले, कोणती गाडी घाटात बंद पडली, दळण आणायचे कोणी, हे सर्व तेथेच बोलणे होई. बाकी दिवसात दोघांचे बोलणे नाही आणि भांडणही नाही, कारण वेळच नाही. राव चहाचे मोठे शौकीन होते, आणि बाईसाहेबांच्या हातच्या चहावर त्यांचा विशेष लोभ.

तो त्या वर्षी समुद्रापलीकडील एका थंड मुलखातून बाईसाहेबांस बोलावणे आले. तेथील मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर पाहिजे होत्या, बाईसाहेबांनी कोणास न सांगता परीक्षा दिली आणि उत्तीर्ण जाहल्या. त्यांची येथील हयात गेली, परंतु वॉर्डाची मुख्य नेमणूक दर वेळी दुसरीस मिळे आणि नव्या मुख्य सिस्टरला काम शिकवणे मात्र यांच्याकडे येई, हे शल्य त्यांच्या मनात फार वर्षांचे होते. संध्याकाळी ओट्यावर कप हाती देऊन त्यांनी गोष्ट काढली.

"अहो, मला तिकडे घेतलंय."

"मग जा की."

"एकटी नाही जायची. तुम्ही आलात तर जाईन."

"आणि मी तिथं काय करू? इथल्या गाड्या कोण सोडणार?"

"सुटतील हो गाड्या. तुम्ही कावीळ होऊन पडला होतात तेव्हा सुटतच होत्या की."

हे बोलणे रावांस लागले, परंतु बोलणे खरे होते. मग पुढे बरेच दिवस चहावर हीच मसलत चालली, आणि अखेर रावांनी रुकार दिला आणि मुदतीआधी निवृत्ती पत्करली. रुकार दिला, तो तोंडाने दिला. मनाने दिला असता तर पुढील प्रसंग न येता.

निघण्याचे आदले दिवशी डेपोवर रावांस निरोप देण्याचा समारंभ जाहला. हार घातला, शाल दिली, भाषणे जाहली, आणि मग कँटीनमधून चहा आला. गफूरभाई म्हणोन जुना कंडक्टर, तोंडाचा तिखट पण मनाचा चांगला, तो सर्वांदेखत म्हणाला, "साहेब, तिकडं वहिनी ड्युटीला, आणि तुम्ही? भांडी घासायला काय?" मंडळी हसली. दुसरा कोणी म्हणाला, "आता पुकारा वहिनींचा आणि गाडी साहेबांची." पुन्हा हसली. रावही हसले, परंतु कानशिले तापली. हाती चहाचा ग्लास होता, तो त्यांनी टेबलावर ठेविला आणि उभे राहून मोठ्याने म्हणाले, "ऐका रे. जातोय ते कायमचा नाही. हा चहा आता मी आपल्या राज्यात परत येईन तेव्हाच तोंडाला लावीन. तोवर चहा बंद." तीर्थाला जाऊन लोक एखादी भाजी सोडून येतात, हे सर्वांस ठाऊक, परंतु चहा सोडलेला कोणी पाहिला नव्हता. म्हणोन टाळ्या फार पडल्या. राव टाळ्या घेऊन घरी आले आणि बाईसाहेबांनी कप पुढे केला तो घेईनात.

"अहो, सोडायचंच होतं तर कारलं सोडायचं," बाईसाहेब म्हणाल्या. "लोक तरी काय करतात? जे आवडत नाही ते देवाला देऊन मोकळे होतात."

"चारचौघांत शब्द गेला."

"त्या चारचौघांत मी नव्हते ना." आणि पुढे केलेला कप मागे घेऊन म्हणाल्या, "आपलं दोघांचं दिवसात तेवढं एकच होतं हो."

यावर राव बॅगेचा पट्टा आवळीत राहिले. दुसरे दिवशी कूच जाहले.

तो मुलूख थंड. आषाढातही स्वेटर लागे, आणि हिवाळ्यात दुपार जाहली न जाहली तो दिवे लागत. बाईसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात बाजारातून निळ्या काठाचे दोन मोठे कप आणिले, एक आपला आणि एक रावांचा. ड्युटीवरून आल्या की चहा टाकीत आणि विचारीत, "अर्धा कप?" राव म्हणत, "नेम आहे," आणि एका ग्लासात गरम पाणी घेऊन समोर बसत. सोबत म्हणोन बसत, परंतु पाणी पिणाऱ्याचे मन लवकर उठते. मग खिडकीशी जाऊन उभे राहात आणि खालच्या थांब्यावर बस कधी येते ते पाहात. एखादी उशीर करून आली म्हणजे त्यांस बरे वाटे. त्या मुलखात रावांस कोणी ओळखत नव्हते, जो तो "हेमाचे मिस्टर" म्हणोन हात मिळवी, आणि राव तो हात हसून घेत आणि घरी येऊन पुन्हा खिडकी गाठीत. बाईसाहेबांचे मात्र तेथे नाव जाहले. वर्षाचे आत त्यांस वॉर्डाची मुख्य नेमणूक मिळाली. त्या दिवशी पळत घरी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो, झाले मी. आज तरी घ्या." रावांस आनंद जाहला, डोळ्यांस पाणीही आले, त्यांनी बाईसाहेबांच्या हातावर साखर ठेविली आणि चहा घेतला नाही.

लिसी नावाची केरळची एक सिस्टर होती, तीही पूर्वी आमच्याच प्रांती नोकरीस होती म्हणोन मराठी बोले, आणि बाईसाहेबांस थोरल्या बहिणीप्रमाणे मानी. ती घरी आली म्हणजे रावांची खोडी काढी. "दादा, नेम मोडला तर देव तुम्हाला नाईट ड्युटी लावेल काय?"

"देवाचा नाही गं. डेपोचा आहे."

"डेपो इथून दिसतो का?"

"शब्द दिसतो."

बाईसाहेब हे ऐकून हसत. पुढे पुढे हसेनाशा जाहल्या. दोन वर्षांचा करार होता तो वाढला, पुन्हा वाढला, आणि प्रत्येक वेळी राव विचारीत, "आणखी किती?" आणि त्या म्हणत, "एवढं झालं की जाऊ." कधी बाईसाहेबांनी तह मांडावा की चहा सुरू करा, मी परतीची तारीख ठरवते, तर राव म्हणत आधी तारीख. तह जाहला नाही. मग एके दिवशी रावांचे ध्यानी आले की बाईसाहेब घरी येऊन चहा टाकीत नाहीत. विचारले तर म्हणाल्या, "वॉर्डातच उभ्या उभ्या घेते. एकटीसाठी आधण ठेवावंसं वाटत नाही." राव म्हणाले, "बरंच झालं, दमून येतेस." आणि त्यात काही गेले ऐसे त्यांस तेव्हा वाटले नाही.

शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर. श्रावणात बाईसाहेबांच्या पाठीत कळ निघाली. त्या सिस्टर, त्यांस डॉक्टरांच्याही आधी समजले, परंतु रावांस हळूहळू सांगितले. उपाय चालले आणि चालेनासे जाहले. तेव्हा बाईसाहेबांनी आपण होऊन सांगितले की दिवाळीस आपल्या गावी जाऊ, आणि रावांनी तिकिटे काढली आणि हुरूप येऊन सामान बांधू लागले. आश्विनातील एके संध्याकाळी बाईसाहेब उशीला टेकून बसल्या होत्या, त्या दिवशी दुखणे कमी होते. म्हणाल्या, "आज तुम्ही चहा टाका. दोघांना."

रावांनी गावी असता बाईसाहेबांस पुष्कळ वेळा चहा करून दिला होता, परंतु या मुलखात कधी नाही. डबे शोधण्यात वेळ गेला. मग एकच कप भरून आणिला.

"दुसरा?"

"आता थोडेच दिवस राहिले. घरी जाऊ, आपल्या ओट्यावर बसून घेऊ. इतकी वर्षं पाळलाय, आता शेवटाला कशाला मोडायचा?"

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. रागाने पाहिले नाही. "बरं," म्हणाल्या, आणि दोन घोट घेऊन कप परत दिला. "साखर जास्त पडली. सवय गेली तुमची."

दिवाळी आली नाही. वसुबारसेच्या आधीच, तिन्हीसांजेस, बाईसाहेब गेल्या. बाहेर थांब्यावर बस आली आणि गेली, आणि ती वेळेवर होती की नाही हे रावांनी पाहिले नाही.

तेथेच अग्नी दिला, आणि राव अस्थी घेऊन काढलेल्या तिकिटावर आपल्या राज्यात परत आले. शेजारचे आसन रिकामे होते. नदीत अस्थी सोडिल्या, सर्व विधी केले, आणि मग एके दिवशी पाय आपसूक डेपोकडे वळले. मंडळी बहुतेक नवी, कोणी उठून उभे राहिले नाही. गफूरभाई मात्र निवृत्तीला आलेला तेथेच होता, त्याने धावत येऊन मिठी मारली आणि वहिनींसाठी रडला, आणि मग कँटीनमधून चहा मागवून ग्लास रावांच्या हाती दिला. राव ग्लासाकडे पाहात म्हणाले, "गफूर, आज नेम सुटला."

"कसला नेम, साहेब?"

"चहाचा. इथंच उभा राहून बोललो होतो. परत येईन तेव्हाच घेईन म्हणून. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

गफूरभाई आठवू लागला. शालीचे आठवले, हाराचे आठवले. मग म्हणाला, "असंल बोलला साहेब. निरोपाला माणूस काहीबाही बोलतो." आणि रावांचे तोंड पाहून त्याचा स्वर उतरला. "म्हणजे तुम्ही तवापासून... साहेब, आम्हाला वाटलं असणार, विमानात बसल्या बसल्या प्यायला असाल. वहिनी काही बोलल्या नाहीत तुम्हाला?"

राव म्हणाले, "बोलल्या. दर वर्षी बोलल्या." ग्लास तसाच टेबलावर ठेविला आणि उठले. मागे कर्ण्यावर कोणी तरुण पुकारा करीत होता आणि गाडी सुटत होती. राव घरी येऊन ओट्यावर बसले, आणि इतकी वर्षे ज्या ओट्यासाठी हट्ट धरिला तो ओटा त्यांस बसण्याची एक जागा वाटला, अधिक काही वाटला नाही. शेजाऱ्यांनी चहा आणिला, तोही घेववेना. त्यांनी मनाशी म्हटले, परत येईन ऐसे बोललो होतो, आणि अजून मी आलो नाही.

थंड मुलखी राहण्याचा रावांचा परवाना बाईसाहेबांच्या नोकरीवर होता, तो संपावयास थोडा अवकाश होता. घर रिकामे करणे आहे, इतके सांगून राव पुन्हा निघाले. लिसीने दार उघडून दिले. घर जैसे होते तैसे. फडताळात निळ्या काठाचे दोन कप होते, बाईसाहेबांच्या कपाचा काठ झिजून पांढरा पडला होता, आणि रावांच्या कपाच्या बुडाला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. रावांनी ती नखाने काढिली. सहजी निघाली नाही.

"दादा, तुम्ही बसा, चहा मी करते," लिसी म्हणाली.

"नको. माझं काम आहे ते."

मग रावांनी आधण ठेविले, आले ठेचिले, आणि साखर अंदाजाने घातली. दोन्ही कप भरिले, एक समोरच्या खुर्चीपुढे ठेविला, एक हाती घेतला. लिसी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. रावांनी घोट घेतला आणि थांबले, आणि समोर पाहून म्हणाले, "आजही जास्त पडली." मग सावकाश सर्व चहा संपविला. समोरच्या कपावर साय धरेपर्यंत बसून राहिले, आणि मग तोही घेतला, कारण टाकवेना.

येणेप्रमाणे राव आपल्या राज्यात दाखल जाहले आणि नेम सुटला. पुढे परवान्याची मुदत सरली, घर मालकास परत दिले, आणि राव दोन कप हातातल्या पिशवीत घेऊन गावी आले. आता संध्याकाळी आधण ठेवितात. साखर अलीकडे बेताची पडते. हकीकत इतकीच आहे, वाचणाराचे घरी कोणी कप पुढे करीत असेल तर घ्यावा. लेखनसीमा.