गिरजाबाईचे भाऊ

एका पावसाळ्यात गिरजाबाईला अकरा भाऊ झाले, आणि सगळेच्या सगळे तापाने फणफणलेले.

वैनगंगेपलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात ती आया होती आणि मी कंपाउंडर. जंगलातून हिवतापाचे रोगी यायचे. आणणारे त्यांना पायरीवर टेकवून लगेच परत फिरत, कारण धानाची रोवणी खोळंबलेली असे. रजिस्टरात मात्र 'जवळचा नातेवाईक' हा रकाना भरावाच लागे. माझी लेखणी तिथे अडली, की गिरजाबाई झाडू भिंतीला टेकवून म्हणायची, "लिवा. भाऊ हाय माहा."

परवाचा भाऊ गोंडी बोलायचा, कालचा सिरोंच्याकडचा, तेलुगू. डॉक्टरसाहेबांनी एकदा चष्मा काढून विचारलं, "बाई, हे कसं काय?"

"बाप फिरस्ता होता आमचा, साहेब."

एकदा नाव लिहिलं, की त्या भावाची सुटका नव्हती. पेज उरवली तर शिव्या, कण्हला तर शिव्या. "मले का दुसरे धंदे नाईत?" असं दिवसातून वीसदा म्हणत ती कपाळावरची पट्टी बदले. बरे झालेले भाऊ पुन्हा कधी दिसत नसत. तिला त्याचं काही वाटत नसे. मला वाटे, पण दिवसभर कुनैनच्या बाटल्या भरून मी इतका शिणलेला असे, की तेही फार टिकत नसे.

भादव्यात एक म्हातारा आला. अंगावर स्वच्छ धोतर, खात्यापित्या घरचा. गाडीवान त्याला उतरवून निघून गेला. गिरजाबाई समोरच होती. मी सवयीने लिहायला घेतलं, "भाऊ..."

"नाई," ती म्हणाली. "कोणी नाई तो माहा." आणि बादली उचलून चालती झाली.

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सख्खी बहीण हाय ते माही," तो पुटपुटला. "नवरा मेल्यावर दारात आली होती. मी कवाड नाई उघडलं."

दिवेलागणीला पाहतो, तर ती त्याच्या खाटेशी बसून त्याला पेज पाजत होती. तोंडातून एक शिवी नाही. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "रकाना रिकामाच आहे. लिहू का आता?"

"नका लिवू, बाबूजी. परकाच राहू द्या. परक्याचं करता येते मले."

म्हाताऱ्याने ते ऐकलं असावं. डोळे मिटूनच त्याने पुढच्या घोटासाठी तोंड उघडलं.